करार आधी, मतदान नंतर: पापुआचा तांब्याचा डोंगर

आजचा भाग थोडा लांब आहे आणि मधला काही भाग ऐकायला जड जाईल, हे आधीच सांगून ठेवतो. सुरुवात करू एका तारखेपासून.

७ एप्रिल १९६७. ठिकाण जकार्ता, इंडोनेशियाची राजधानी. टेबलाच्या एका बाजूला इंडोनेशियाचं सरकार, दुसऱ्या बाजूला फ्रीपोर्ट सल्फर नावाची अमेरिकन कंपनी. सही होतेय ती खाणकराराची. न्यू गिनी बेटाच्या पश्चिम भागातल्या एका डोंगरातलं तांबं कंपनीने काढायचं, मुदत तीस वर्षं. परदेशी गुंतवणुकीसाठी सरकारने त्याच वर्षी जानेवारीत नवा कायदा केला होता आणि त्याखाली झालेला हा पहिलाच करार.

तुम्ही म्हणाल, खाणींचे करार तर होतच असतात. खरंय. पण इथे एक गोची होती. ज्या जमिनीचा करार होत होता ती जमीन इंडोनेशियाची आहे की नाही, हे अजून ठरायचं होतं. म्हणजे सातबाऱ्यावर नाव कुणाचं याचा निकाल लागायचाय, आणि त्याआधीच एकाने दुसऱ्याला ती भाड्याने देऊन टाकलीय. वर त्या जमिनीवर पिढ्यान् पिढ्या राहणारी माणसं या सगळ्यात कुठेच नाहीत.

हे कसं झालं ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

नकाशा उघडा. ऑस्ट्रेलियाच्या डोक्यावर एक मोठं बेट दिसेल, ते न्यू गिनी. त्याचा पश्चिमेचा अर्धा भाग डचांच्या ताब्यात होता. इंडोनेशिया स्वतंत्र झाला तेव्हा डचांनी बाकी सगळं सोडलं, पण हा तुकडा ठेवून घेतला. त्यावरून युद्धाची वेळ आली. मग अमेरिकेने मध्ये पडून ऑगस्ट १९६२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये समझोता घडवला. आधी संयुक्त राष्ट्रांनी कारभार घ्यायचा आणि नंतर इंडोनेशियाकडे द्यायचा, असं ठरलं. जाता जाता सांगतो, तेव्हा शस्त्रसंधीवर लक्ष ठेवायला गेलेल्या निरीक्षकांचे प्रमुख आपले ब्रिगेडियर इंदरजित रिखी होते आणि बंदोबस्ताला आलेलं सैन्य पाकिस्तानचं होतं. १ मे १९६३ ला कारभार इंडोनेशियाच्या हाती गेला. अट एकच होती: १९६९ संपायच्या आत तिथल्या लोकांना विचारायचं, की बाबांनो, तुम्हाला इंडोनेशियात राहायचंय की नाही?

ही अट लक्षात ठेवा. १९६९.

दरम्यान जकार्तात सगळं उलटंपालटं झालं. १९६५ च्या अखेरीस लष्कराने कम्युनिस्ट म्हणून ज्यांच्यावर संशय होता त्यांचा संहार सुरू केला. त्यात किमान पाच लाख माणसं मारली गेली असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्यातून वर आले जनरल सुहार्तो. मार्च १९६७ मध्ये ते हंगामी राष्ट्राध्यक्ष झाले. तिजोरीत खडखडाट आणि डोक्यावर कर्ज. त्यांना परदेशी पैसा हवा होता आणि 'आमच्याकडे या, इथे आता सगळं शांत आहे' असं जगाला दाखवायचं होतं. फ्रीपोर्टचं दुखणं वेगळं. तिचा क्यूबातला निकेलचा प्रकल्प १९६० मध्ये कॅस्ट्रोच्या सरकारने ताब्यात घेतला होता, त्यामुळे तिला दुसरी खाण हवी होती. दोघांची गरज जुळली. हंगामी राष्ट्राध्यक्ष झाल्यावर महिन्याभराच्या आत सुहार्तोंच्या सरकारने हा करार केला.

करारात काय होतं? कंपनीला पहिली तीन वर्षं कर माफ. प्रकल्पाच्या क्षेत्रातली जमीन, लाकूड, पाणी वापरायची मुभा. आणि तिथे राहणाऱ्या लोकांना हलवायचा अधिकार. 'पुनर्वसन' या शब्दाचा अर्थ महाराष्ट्रात कुणाला नव्याने सांगायला नको. भरपाई द्यायची होती, पण ती फक्त घरांची आणि जमिनीवर केलेल्या कायमस्वरूपी बांधकामाची.

या एका वाक्यावर जरा थांबू.

त्या डोंगरात राहणारे लोक म्हणजे अमुंगमे. ते रताळी लावायचे, काही वर्षांनी जागा बदलायचे, जुनी जागा पुन्हा रानाला सोडून द्यायचे. रानात शिकार करायचे, डुकरं पाळायचे. त्यांच्या लेखी डोंगररांग म्हणजे आईचं शरीर. शिखरं हे तिचं डोकं, तिथे कुणी जायचं नाही, पूर्वजांचे आत्मे तिथे असतात. आता सांगा, यातलं 'कायमस्वरूपी बांधकाम' कोणतं? रताळ्याचा मळा नाही, शिकारीचं रान नाही, आणि आईचं डोकं तर नाहीच. करारातल्या शब्दांनी त्यांच्याकडे असलेलं जवळजवळ सगळं एका फटक्यात शून्य किमतीचं ठरवलं. कुणी बंदूक उगारण्याआधीच हे झालं होतं. माझ्या मते या कहाणीतला पहिला गुन्हा हाच, आणि तो टाय लावून, टेबलावर बसून झाला.

तो डोंगर बाहेरच्यांना सापडला कसा, हेही थोडक्यात सांगतो. १९३६ मध्ये जाँ जाक डोझी नावाचा डच भूगर्भशास्त्रज्ञ गिर्यारोहणाच्या मोहिमेवर तिथे गेला. सेव्हन समिट्सच्या एका यादीत कार्स्टेन्झ पिरॅमिड हे ४,८८४ मीटरचं शिखर असतं ना, त्याच भागात. तिथे त्याला काळ्या खडकाचा एक उभा सुळका दिसला, सगळा धातूने भरलेला. त्याने नाव दिलं एर्ट्सबर्ग, म्हणजे खनिजाचा डोंगर. मग महायुद्ध झालं आणि त्याचा अहवाल ग्रंथालयात धूळ खात पडला. तो वीसेक वर्षांनी कुणाच्या तरी नजरेला आला, बातमी फ्रीपोर्टपर्यंत गेली आणि १९६० मध्ये फोर्ब्स विल्सन हा कंपनीचा माणूस स्वतः चढून तिथे पोहोचला. पुढे त्याने या खाणीवर पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातच 'कॉन्क्वेस्ट' आहे. जिंकणं.

करारानंतर कंपनीची माणसं हेलिकॉप्टरने उतरू लागली, तेव्हा अमुंगमेंनी त्यांच्या कॅम्पभोवती काठ्या रोवल्या. त्यांच्या रिवाजात याचा अर्थ स्पष्ट होता: इथून पुढे यायचं नाही. लेखी हरकत नोंदवायला त्यांच्याकडे कचेरी नव्हती. काठी हीच त्यांची नोटीस होती.

आणि आता ते १९६९. जुलै-ऑगस्टमध्ये 'मुक्त निवडीची कृती' असं भारदस्त नाव देऊन लोकमत घेण्यात आलं. पापुआत तेव्हा आठ लाखांच्या आसपास लोक होते. मत विचारलं सुमारे एक हजार जणांना. ते लोक प्रशासनाने निवडलेले, बैठका लष्कराच्या देखरेखीखाली, आणि गुप्त मतदान नाहीच. सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं, आम्हाला इंडोनेशियातच राहायचंय. एकही विरोधी आवाज नाही! ज्या निवडणुकीत शंभर टक्के एका बाजूला पडतात तिच्याबद्दल वेगळं काही बोलावं लागत नाही. नोव्हेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने या निकालाची 'दखल घेतली' आणि फाईल बंद झाली. मतदान चालू असतानाच, जुलैच्या अखेरीस, अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन जकार्ताला येऊन गेले. सोबत हेन्री किसिंजर होते. हेच किसिंजर १९८८ पासून फ्रीपोर्टच्या संचालक मंडळावर बसले. यात काही बेकायदेशीर नाही. मी फक्त कोण कुठे बसलं होतं ते सांगतोय.

पण निकाल वेगळा लागला असता तर करारच अडचणीत येऊ शकला असता. म्हणजे निकाल एकाच बाजूने लागण्यात सुहार्तोंचा फायदा होता आणि कंपनीचाही. कंपनीने मतदानात काही फिरवाफिरवी केली असं म्हणायला माझ्याकडे काही आधार नाही, आणि तिला तशी गरजही नव्हती. ते काम करायला एक हुकूमशहा होता.

मार्च १९७३ मध्ये सुहार्तोंनी खाणीचं उद्घाटन केलं. कामगारांसाठी डोंगरात वसवलेल्या शहराचं नाव ठेवलं तेम्बागापुरा. ऐकून ओळखीचं वाटतंय का? इंडोनेशियन 'तेम्बागा' म्हणजे तांबं, आणि तो शब्द आला संस्कृत 'ताम्रक'वरून. 'पुरा' म्हणजे आपलं पूर. मराठीत म्हणायचं तर तांबेपूर. प्रांताचंही नाव बदललं: इरियन जाया. जाया म्हणजे जय, विजय. इकडे कॉन्क्वेस्ट, तिकडे जय.

जानेवारी १९७४ मध्ये कंपनीने अमुंगमे पुढाऱ्यांशी एक समझोता केला. शाळा, दवाखाना, दुकान देऊ, त्या बदल्यात खाण आणि शहराच्या परिसरापासून लांब राहा. पुढे डोंगरातल्या अनेक कुटुंबांना खाली सपाटीवर, तिमिका गावाजवळ वसवलं. थंड हवेतली माणसं उष्ण, दमट, डासांच्या प्रदेशात आली आणि मलेरियाने मरू लागली.

१९७७ मध्ये उठाव झाला. खनिजाचा रस्सा समुद्रकाठच्या बंदरापर्यंत नेणारी कंपनीची लांबलचक पाइपलाइन स्वतंत्र पापुआवाल्यांनी कापली. लष्कराने उत्तर दिलं ते अमेरिकन बनावटीच्या ओव्ही-१० ब्रॉन्को विमानांनी. अकिमुगासारख्या गावांवर वरून मारा झाला, मळे जाळले गेले. किती मेले याचे आकडे सांगणाऱ्यागणिक बदलतात, शेकड्यांपासून हजारांपर्यंत. या प्रदेशात बाहेरच्या पत्रकारांना सहज जाऊ देत नसत, हे त्याचं एक कारण.

मग १९८८ उजाडलं. एर्ट्सबर्ग संपत आला होता. सुळक्याच्या जागी शेकडो मीटर खोल खड्डा. आणि तेव्हाच शेजारी ग्रासबर्ग सापडला: जगातल्या सर्वांत मोठ्या सोन्याच्या साठ्यांपैकी एक आणि तांब्याचाही प्रचंड साठा. डिसेंबर १९९१ मध्ये नवा करार झाला आणि कंपनीचं क्षेत्र हजारो हेक्टरवरून लाखो हेक्टरवर गेलं. धातू काढून उरलेला चुरा नदीत सोडला जायचा. सरकारच्या परवानगीने, बरं का. नव्वदच्या दशकाच्या शेवटी हे प्रमाण दिवसाला दोन लाख टनांच्या घरात होतं. वीस टनी डंपर धरला तर रोज दहा हजार डंपर. नदीच्या खालच्या अंगाला राहणारे कामोरो लोक साबुदाण्याच्या झाडांवर आणि मासळीवर जगायचे. गाळाखाली त्यांची झाडं वाळली, मासे गेले. अमेरिकेच्याच सरकारी विमा संस्थेने ऑक्टोबर १९९५ मध्ये पर्यावरणाच्या कारणावरून कंपनीचा १० कोटी डॉलरचा विमा रद्द केला होता. पुढे तडजोड झाली.

आता तो जड भाग.

१९९४ च्या ख्रिसमसला अमुंगमे लोक स्वतंत्र पापुआचा झेंडा घेऊन तेम्बागापुरात जमले. लष्कराने गोळ्या घातल्या, लोकांना उचललं. एप्रिल १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मदतसंस्थांच्या परिषदेने पहिला अहवाल काढला. ऑगस्टमध्ये जयापुराचे कॅथलिक बिशप हर्मन मुनिंगहॉफ यांनी साक्षीदारांच्या जबान्यांसह दुसरा अहवाल दिला. मग इंडोनेशियाच्या स्वतःच्या मानवी हक्क आयोगाने चौकशी केली, तीही सुहार्तो सत्तेत असताना. सोळा जण मारले गेले आणि चार बेपत्ता आहेत, असं आयोगाने सांगितलं. आणि हेही सांगितलं, की हे अत्याचार करणारं लष्कर तिथे खाणीच्या संरक्षणासाठी होतं.

या जबान्यांमध्ये अंगावर काटा आणतात त्या जागा. लोकांना डांबलं कुठे? कंपनीच्या मालवाहू कंटेनरांत. नेलं कशातून? कंपनीच्या बसमधून. मारहाण झाली त्यात कंपनीच्या सुरक्षा चौकीचंही नाव येतं. माल ठेवायचा लोखंडी डबा, कामगारांची ने-आण करायची गाडी, गेटवरची चौकी. कुठल्याही एमआयडीसीत दिसतील अशा या वस्तू आहेत.

कंपनीने सहभाग ठामपणे नाकारला. तिचं म्हणणं असं, की सैनिक सरकारचे, हुकूम सरकारचे, आणि सरकारी यंत्रणेला सोयीसुविधा देणं आमच्यावर बंधनकारक आहे. हे म्हणणं अगदीच खोटं नाही. पण त्यातून पुढचा प्रश्न येतो. तुमच्या आवारात तुमच्याच कंटेनरमध्ये काय चाललंय ते कळल्यावर तुम्ही काय केलं? काम थांबवलं? गाड्या परत मागितल्या? खाण चालूच राहिली.

३१ मे १९९५ ला होएआ गावात प्रार्थनेसाठी जमलेल्या अकरा जणांना सैनिकांनी मारलं, त्यात एक पाद्रीही होते. फार कमी वेळा होतं ते इथे झालं, म्हणजे खटला चालला. चार सैनिकांना शिक्षा झाली. सर्वांत मोठी शिक्षा तीन वर्षं.

एका बाईची ओळख करून द्यायलाच हवी. योसेफा आलोमांग. सगळे त्यांना 'मामा योसेफा' म्हणतात. हा आपला मामा नव्हे हं, तिकडे आईला, मोठ्या बाईला मामा म्हणतात. गावच्या बायकांनी पिकवलेला भाजीपाला कंपनी विकत घेत नाही, बाहेरून मागवते, हा त्यांचा साधा राग होता. १९९१ मध्ये त्यांनी बायकांना घेऊन तिमिकाच्या विमानतळावर तीन दिवस ठाण मांडलं, धावपट्टीवर आगी पेटवल्या. १९९४ मध्ये बंडखोरांना मदत केल्याच्या संशयावरून त्यांना पकडलं आणि गुडघाभर मैलापाणी असलेल्या बंद जागेत कित्येक दिवस ठेवलं. बाहेर आल्यावर त्या गप्प बसल्या नाहीत. २००१ मध्ये त्यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला.

दुसरं नाव टॉम बेआनाल, अमुंगमेंचे पुढारी. एप्रिल १९९६ मध्ये त्यांनी थेट अमेरिकेत, कंपनीचं मुख्यालय तेव्हा होतं त्या न्यू ऑर्लिन्सच्या न्यायालयात, ६ अब्ज डॉलरचा दावा लावला. आधार १७८९ सालच्या एका अमेरिकन कायद्याचा, ज्याखाली परदेशी माणूस आंतरराष्ट्रीय कायद्याच्या भंगाबद्दल तिथे दाद मागू शकतो. नोव्हेंबर १९९९ मध्ये अपील न्यायालयाने दावा फेटाळला. कारणं नीट ऐका. एक, तक्रारीत तपशील पुरेसे नाहीत: कुणावर, केव्हा, कुणी, कसा अत्याचार केला. दोन, एखाद्या समाजाची संस्कृती नष्ट करणं हा आंतरराष्ट्रीय कायद्यात वेगळा गुन्हा म्हणून प्रस्थापित नाही. म्हणजे अत्याचार झाले की नाही यावर साक्षी-पुरावे होऊन निकाल लागलाच नाही. आणि तपशील नाहीत म्हणजे काय हो? जिथे बाहेरच्याला जायला बंदी, तक्रार करणाऱ्याला कंटेनर, तिथून वकिलाकडे तारीख-वार नावं कशी पोहोचणार? कायद्याच्या भाषेत निकाल बरोबरही असेल. पण हुकूमशाहीत पुरावा जमवणंच अशक्य करून ठेवतात, आणि त्याचा फायदा तिच्यासोबत धंदा करणाऱ्याला मिळतो.

मार्च १९९६ मध्ये तेम्बागापुरा आणि तिमिकात मोठी दंगल झाली, खाण काही दिवस बंद पडली. त्यानंतर कंपनीने दोन गोष्टी केल्या. उत्पन्नाचा एक टक्का स्थानिकांच्या विकासासाठी देऊ केला. बेआनाल यांच्या संघटनेने सुरुवातीला तो नाकारला. आणि दुसरीकडे लष्करासाठी बराकी, मुख्यालयं, रस्ते, गाड्या यांवर खर्च सुरू केला. २००५ च्या डिसेंबरमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने कंपनीच्या कागदपत्रांवरून लिहिलं, की हा बांधकामाचा खर्च साडेतीन कोटी डॉलर होता, आणि १९९८ ते २००४ या काळात लष्कर-पोलिसांना जवळपास दोन कोटी डॉलर दिले गेले, त्यातले काही थेट अधिकाऱ्यांच्या नावाने. वर्षं बघा. सुहार्तो २१ मे १९९८ ला पायउतार झाले. हुकूमशहा गेला, पण पैशाचा नळ चालूच राहिला. कंपनीचं उत्तर होतं, की हे गरजेचं होतं आणि कायद्याला धरून होतं.

बेआनाल यांचं पुढे काय झालं? २००० मध्ये ते कंपनीच्या इंडोनेशियातल्या शाखेच्या मंडळावर गेले. काही जणांनी त्यांना फितूर म्हटलं. मला इतकं सोपं वाटत नाही. न्यायालयाने दार लावल्यावर आत बसून काही मिळतंय का ते बघणारा माणूस कसा तोलायचा, हे ज्याच्या डोंगराचा खड्डा झालेला नाही त्याने फार जोरात सांगू नये.

डिसेंबर २०१८ मध्ये इंडोनेशिया सरकारने खाणीतला ५१ टक्के हिस्सा घेतला, ३.८५ अब्ज डॉलरच्या व्यवहारात. जकार्तात राष्ट्रीय विजय म्हणून त्याचा गाजावाजा झाला. त्यातला दहा टक्के पापुआच्या स्थानिक सरकारांसाठी ठेवला. बोलणी मात्र जकार्ता आणि कंपनी यांच्यात झाली. अमुंगमेंसाठी त्या टेबलावर वेगळी खुर्ची तेव्हाही नव्हती. ग्रासबर्गचं उघड्यावरचं खोदकाम थांबलंय, आता जमिनीखाली बोगद्यांतून चालू आहे. एर्ट्सबर्गच्या जागी तळं आहे. त्या वेळी ठरलेला परवाना २०४१ पर्यंतचा.

आजच्यापुरतं इथेच थांबू. भेटू पुढच्या भागात.